रामटेक की वर्धा?

आई-बाबांची सेकंड इनिंग कुठे खेळायची? एक निघालेला रिटायरमेंटचा चेक, दोन गावं आणि मे महिन्यातली चार दिवसांची सफर.

ऑफिसच्या कँटीनमधले विषय कसे बदलत जातात बघा. पंचविशीत बाइक, गोवा आणि अप्रेझल. अठ्ठाविशीत लग्न, टू-बीएचके आणि ईएमआय. आणि तिशी ओलांडली की एक दिवस डबा उघडता उघडता कुणीतरी म्हणतं, ‘अरे, बाबा मार्चमध्ये रिटायर होतायत.’ टेबलावर क्षणभर शांतता. कारण पुढचा प्रश्न सगळ्यांना पाठ असतो. ‘मग? तुझ्याकडे येणार का इकडे?’

उत्तर बहुतेक वेळा ‘बघू’ असं असतं. आपल्या टू-बीएचकेच्या दुसऱ्या बेडरूममध्ये वर्क फ्रॉम होमचं टेबल आलेलं असतं, आणि आई-बाबांनाही विसाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसून पार्किंग बघण्यात फारसा इंटरेस्ट नसतो. मग ते कुठे राहणार?

अमेरिकेत या प्रश्नाला एक रेडीमेड उत्तर आहे, फ्लोरिडा. थंडीत ऊन, समुद्रकिनारा, राज्याचा इन्कम टॅक्स नाही. त्यामुळे तिकडचे पेन्शनर कोणत्या राज्यात जायचं यावर भांडत नाहीत, फ्लोरिडातल्या कोणत्या गावात जायचं यावर भांडतात. आपल्याकडे पूर्वी पुणं होतं, पेन्शनरांचं पुणं. आता त्या पुण्यात रस्ता क्रॉस करायलाच पेन्शनराला हेल्मेट लागेल. कोकणात घर हे मुंबईकरांचं स्वप्न. पण आमच्यासारख्या नागपूरकरांचं काय? आमचा समुद्र म्हणजे तलाव. आणि आमच्या घरात त्यावरूनच दोन पार्ट्या पडल्या.

दोन उमेदवार

बाबा बँकेत होते. नागपूरचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. दोन वर्षांपूर्वी बाबांना एक स्टेंट बसला, आणि त्या दिवसापासून ते जिने म्हणजे घरातला रोजचा वाद झाला. रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यावर खाली उतरायचं, हे नक्की होतं. प्रश्न एवढाच की उतरून जायचं कुठे.

बाबांचं मत वर्धा. शक्यतो सेवाग्रामच्या रस्त्याला. हॉस्पिटल जवळ, रेल्वे जवळ, व्याख्यानं, लायब्ररी, शांतता. आईचं मत रामटेक. तिने कारण दिलं नाही, फक्त म्हणाली, ‘मले रामटेक आवडते.’ रामटेक तिचं आजोळ. पण आमच्या घरात ‘आवडते’ हे कारण एक्सेल शीटमध्ये भरायला कॉलम नव्हता.

मी पुण्यात, ताई बंगळूरला. आमच्या दोघांच्या फॅमिली ग्रुपवर आठवडाभर चर्चा झाली आणि मी चार दिवसांची सुट्टी टाकली. दोन दिवस रामटेक, दोन दिवस वर्धा, आणि तेही मे महिन्यात. ऑफिसमध्ये सगळ्यांनी वेड्यात काढलं. पण फंडा सिंपल होता. फिरायची जागा डिसेंबरात बघावी, राहायची जागा मेमध्ये. विदर्भात पारा ४५च्या वर गेलेला असताना जे गाव सहन होतं, ते बाराही महिने सहन होतं.

एका वर्षाची बदली

नागपूरहून रामटेक सुमारे ५० किलोमीटर. जबलपूरचा हायवे धरायचा, कामठी, कन्हान मागे टाकायचं, मनसरला उजवीकडे वळायचं. मनसरला मॅंगनीजच्या खाणी आहेत आणि १९९७-९८पासून झालेल्या उत्खननात सापडलेले वाकाटक काळातले भले मोठे विटांचे अवशेषही. वळण घेतलं की समोर टेकडी दिसायला लागते आणि टेकडीवर पांढरी शिखरं. गाडीतली आई तिथे हात जोडते. मागच्या सीटवरच्या माणसाने कितीही हेडफोन लावलेले असले तरी तोही जोडतो.

गडावर गाडी जवळपास वरपर्यंत जाते, हे गुडघे असलेल्या सर्व मंडळींनी नोंदवून ठेवावं. पायऱ्यांची वाटही आहे, पण मेमध्ये तिचा मोह नको. राम-लक्ष्मणाची मंदिरं, वराहाची एका दगडातली प्रचंड मूर्ती, पाचव्या शतकाच्या आसपासची नरसिंहाची दोन मंदिरं आणि सगळीकडे माकडं. प्रसादाची पिशवी हातात धरून चालणाऱ्याला इथे कुणीही सांगायला जात नाही, तो पाच मिनिटांत आपोआप शिकतो.

आणि अर्थातच कालिदास. ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे हाच डोंगर, असं नागपूरचे थोर संशोधक वा. वि. मिराशी यांनी साधार मांडलं. इतर काही अभ्यासकांनी छत्तीसगडमधला रामगड सुचवला, पण तो वाद गडावर उभं राहून काढायचा नाही. गडावर कालिदास स्मारक आहे, गावात १९९७मध्ये स्थापन झालेलं कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे. ‘मेघदूता’ची गोष्ट ऑफिसवाल्यांच्या भाषेत सांगायची तर अशी. यक्ष नावाच्या एका कर्मचाऱ्याने कामात हयगय केली, साहेब भडकले आणि त्याची एका वर्षासाठी दूर बदली झाली. बायको गावी, हा डोंगरावर. नेटवर्क नाही. म्हणून त्याने ढगाबरोबर मेसेज पाठवला.

हे मी मोठ्या उत्साहात आई-बाबांना सांगितलं. बाबा हसले. आई म्हणाली, ‘एकाच वर्षाची? नशीबवान होता.’

बाबांच्या अकरा बदल्या झाल्या. गोंदिया, अकोला, रत्नागिरी, परत अकोला... प्रत्येक वेळी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली ती आईने. आमच्या शाळा शोधल्या त्या आईने. शेजारीण जोडली आणि दोन-तीन वर्षांनी तिला सोडलं तेही आईनेच. त्या क्षणी मी ते ऐकलं आणि फोटो काढत पुढे गेलो. पण ते वाक्य पुढचे चार दिवस आमच्याबरोबर फिरत राहिलं.

मंगळवारची टेस्ट

गडावरून खाली बघितलं की पलीकडच्या बाजूला खिंडसी तलाव पसरलेला दिसतो. इंग्रजांच्या काळात सूर नदी अडवून केलेला. बोटिंग, रिसॉर्ट, सनसेट, सगळं आहे. वीकएंडला नागपूरची तरुणाई इथेच सापडते. साहजिकच तलावाच्या बाजूला प्लॉट आणि फार्महाउसच्या जाहिरातींचे बोर्डही सापडतात. ‘लेक व्ह्यू’ हे शब्द वाचून माझे डोळे चमकले.

पण मी येताना एक टेस्ट ठरवून आलो होतो. मंगळवारची टेस्ट. आपण वीकएंडला जातो तेव्हा आपल्याकडे गाडी असते, वेळ असतो, मूड असतो. आई-बाबांना मात्र तिथे मंगळवारी राहायचं असतं. साध्या, कंटाळवाण्या, कुणी पाहुणा नसलेल्या मंगळवारी. त्या दिवशी मी नाही, गाडी नाही. तर दूध, भाजी, गोळ्या, बँक आणि बोलायला माणूस या पाच गोष्टी पायी मिळतात का? पाचपैकी चार मिळाल्या तर गाव पास.

तलावाकाठचा लेक व्ह्यू या टेस्टमध्ये पहिल्याच प्रश्नाला नापास. दूध आणायला गाडी काढावी लागेल, आणि बाबांनी आणखी दहा वर्षांनी रात्री ड्रायव्हिंग करू नये हे तर आत्ताच ठरलंय. शिवाय शहराबाहेरची जमीन म्हटली की कागद आले. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, त्यामुळे प्लॉट खरंच बिनशेती झालाय का, लेआउट मंजूर आहे का, सातबाऱ्यावर नाव कुणाचं, हे सगळं वकिलाकडून तपासल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. समोर तलाव कितीही सुंदर दिसला तरी.

गावातलं रामटेक मात्र वेगळं निघालं. सकाळी साडेसहाला आई-बाबांना मी मुद्दाम एकटं सोडलं आणि लॉजवर पडून राहिलो. दोन तासांनी ते परत आले ते चार पिशव्या, एक पेपर आणि सात बातम्या घेऊन. दूध मिळालं. भाजी मिळाली. औषधाचं दुकान सापडलं. बँक दिसली. आणि आईला तिची शाळेतली मैत्रीण भेटली, जी तिला चाळीस वर्षांनी हाक मारताना लग्नाआधीच्या नावाने हाक मारते. बाबांनाही बाकावर एक रिटायर्ड मास्तर भेटले. पाचपैकी पाच.

रामटेक हे टुरिस्टांसाठी उभं केलेलं गाव नाही, राहतं तालुक्याचं गाव आहे, हा त्यातला मुद्दा. कोर्ट, तहसील, शाळा, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, सगळं आहे. पी. व्ही. नरसिंह राव १९८४ आणि १९८९मध्ये इथून लोकसभेवर निवडून गेले, त्यामुळे आंध्रातला नेता इथला खासदार होता हे इथले जुने लोक अजून कौतुकाने सांगतात. पानमळ्यांसाठी हे गाव एकेकाळी नावाजलेलं, आणि पाऊस संपला की इथल्या तलावांतले शिंगाडे थेट नागपूरच्या बाजारात.

संध्याकाळी आम्ही अंबाळा तलावावर गेलो. गडाच्या पायथ्याशी, भोवताली घाट आणि जुनी मंदिरं. इथे लोक अस्थी विसर्जनाला येतात, श्राद्धविधी करतात. आईच्या आजोबांचे विधी इथेच झाले होते. रिटायरमेंटची जागा बघायला आलेल्या माणसांना अशा ठिकाणी बसवणं बरं की वाईट, हे मला कळेना. पण त्या दोघांना काहीच अवघड वाटत नव्हतं. घाटाच्या पायरीवर बसून आई चप्पल काढून पाय थंड करत होती आणि लहानपणी ती कुठून उडी मारायची ते दाखवत होती.

आता वजा बाजू. वैकुंठ चतुर्दशीची शोभायात्रा आणि त्रिपुरी पौर्णिमा या दिवसांत गाव तुडुंब भरतं, रामनवमीलाही तेच. त्या दिवशी रुग्णवाहिका काय, सायकलही अडकेल. आणि मुख्य म्हणजे हार्ट. रामटेकला सरकारी रुग्णालय आहे, खासगी डॉक्टर आहेत. पण स्टेंट बसलेल्या माणसाला रात्री दोनला छातीत दुखलं तर गाठायचं नागपूर. हायवे चांगला आहे, मेयो हॉस्पिटल त्याच बाजूला पडतं. तरी तास-सव्वा तास धरायचाच. मिहानमधलं एम्स तर शहर ओलांडून पलीकडे. बाबा हे सगळं शांतपणे सांगत होते आणि प्रत्येक मुद्दा बरोबर होता.

गोरसपाक आणि गोल्डन अवर

तिसऱ्या दिवशी वर्धा. नागपूरहून साधारण ७५ किलोमीटर, रामटेकच्या बरोबर उलट दिशेला. इथे रुळलेलं शहाणपण आहे. जमनालाल बजाज यांनी गांधीजींना वर्ध्याला आणलं. १९३६मध्ये गांधीजी जवळच्या शेगाव खेड्यात राहायला गेले, त्याचंच पुढे सेवाग्राम झालं. ‘भारत छोडो’चा ठराव काँग्रेस कार्यकारिणीने जुलै १९४२मध्ये वर्ध्यातच केला. बापू कुटीत आजही गेलात तर पहिली गोष्ट जाणवते ती गारवा. माती, बांबू, कौलं. बाहेर ४५ डिग्री आणि आत माणूस बसू शकतो. एसी लावून वीजबिल भरणाऱ्या आम्हा मंडळींनी तिथे पाच मिनिटं गप्प बसावं.

मंगळवारची टेस्ट वर्धा शहरात आरामात पास होते. सेवाग्राम रोडवर थोडी पळापळ, पण ऑटो मिळतात. हिंदी विश्वविद्यालय आहे, तेही १९९७चंच. म्हणजे दोन्ही गावांनी एकाच वर्षी एकेक विद्यापीठ पटकावलं. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम. चहाबरोबर गोरसपाक, जो वर्ध्याला जाऊन न आणल्यास विदर्भात नातेवाईक बोलत नाहीत. आणि यंग रीडर्ससाठी सूचना, जिल्ह्यात गेली कित्येक दशकं दारूबंदी आहे. बाबांच्या कार्डिऑलॉजिस्टला हे गाव फार आवडेल.

पण वर्ध्याचा हुकमाचा एक्का म्हणजे हॉस्पिटल. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू केलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि तिचं कस्तुरबा रुग्णालय. तिकडे सावंगीला आणखी एक मेडिकल कॉलेज. एका छोट्या शहराच्या दोन बाजूंना दोन मेडिकल कॉलेजं. गोल्डन अवर हा शब्द ज्याच्या घरात एकदा ऐकला गेलाय, त्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आम्ही भाड्याचं जे घर बघितलं, तिथून कॅज्युअल्टी दहा मिनिटांवर होती. मी घड्याळ लावून मोजलं.

शिवाय रेल्वे. हावडा-मुंबई लाइनवर वर्धा, दिल्ली-चेन्नई लाइनवर सेवाग्राम. ऑगस्ट २०२५मध्ये सुरू झालेली अजनी-पुणे वंदे भारत वर्ध्याला थांबते. म्हणजे सकाळी गाडीत बसून आई-बाबा रात्री माझ्याकडे. रामटेकहून आधी नागपूर गाठायचं, मग पुढचं.

माझ्या एक्सेलमध्ये वर्धा स्पष्ट पुढे होतं. ताईला मी तसा मेसेजही टाकला.

राजधानी कुठे हलवायची?

पवनारला गंमत झाली. नदीकाठी बसून बाबांनी इतिहास काढला. रिटायर्ड माणूस आणि नदीकाठ एकत्र आले की इतिहास निघतोच. तर वाकाटकांची एक राजधानी होती नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. पाचव्या शतकात दुसऱ्या प्रवरसेनाने तिथून राजधानी हलवली ती प्रवरपूरला. हे प्रवरपूर म्हणजे पवनार, असं मिराशींचं मत. पुढे मनसरचं उत्खनन करणाऱ्यांनी ते मनसरच, असं म्हटलं. म्हणजे रामटेकची बाजू की वर्ध्याची बाजू, हा आमचा फॅमिली ग्रुपवरचा वाद दीड हजार वर्षं जुना आहे!

‘आणि त्याची आई?’ आईने विचारलं.

प्रवरसेनाची आई म्हणजे प्रभावतीगुप्त. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, पाटलीपुत्राच्या घरातून सून म्हणून विदर्भात आलेली. नवरा लवकर गेला, मुलं लहान, तर हिने राज्य चालवलं. नगरधनच्या अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली आहे. मुलगा मोठा होऊन गादीवर बसला, त्यानंतरच्या काळातला तिचा एक ताम्रपट आहे. तो दिलाय रामगिरीस्वामीच्या पायाशी. म्हणजे रामटेकला.

बाबा हे सांगता सांगता थांबले. कारण आपण कोणाच्या बाजूचा पुरावा देतोय, हे त्यांच्या लक्षात आलं.

मग आई बोलली, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच सलग बोलली. ‘अकरा वेळा मी तुमच्या गावी आली. कधी काहून म्हणून विचारलं नाही. आता एकदा तुम्ही माझ्या गावी या.’ थोडं थांबून म्हणाली, ‘दवाखाना महत्त्वाचा आहे, मले समजते. पण इथे मी कोणाच्या घरी जाऊ? तुम्ही व्याख्यानाला जाल. मी?’

एक्सेल शीटवर हे कुठे लिहायचं? हॉस्पिटलचा कॉलम बाबांच्या हृदयाचा होता. आईच्या दिवसाचा कॉलमच नव्हता. आणि बाबा घरात असोत किंवा, देव न करो, नसोत, तो दिवस तिला काढायचाय. माझ्या बाजूने बघितलं तर रात्री दोनला फोन आला तर मी दोन्ही गावांपासून सारखाच लांब आहे. त्या वेळी पहिलं दार कोण ठोठावणार, गाडी कोण काढणार, आईजवळ कोण बसणार, हे ठरवणारं हॉस्पिटल नसतं. शेजार असतो. आणि शेजार बांधायला बदलीच्या नोकरीत तिला दर वेळी वर्ष लागायचं. रामटेकला तो दोन तासांत तयार झाला होता.

अंतर मात्र त्याने कमी होत नाही. दहा मिनिटं ती दहा मिनिटं आणि सव्वा तास तो सव्वा तास. मैत्रिणी अँजिओग्राफी करत नाहीत. हा धोका आम्ही चौघांनी, ताईला स्पीकरवर ठेवून, पवनारच्या त्या काठावर मोठ्याने बोलून घेतला. बाबा म्हणाले, ‘माझं हृदय आहे, मी रिस्क घेतो.’ आई म्हणाली, ‘मग मी तिकडं सोडून दुसरं काही मागत नाही.’

ठरलं काय?

थोडक्यात काय, तर रामटेक. पण अटींसह.

एक वर्ष भाड्याचं घर, तळमजला, गावात, तलावाकाठी नाही. विकत काहीच घ्यायचं नाही. नागपूरचा फ्लॅट विकायचा नाही, भाड्याने द्यायचा. बाबांची फाइल नागपूरच्या त्याच कार्डिऑलॉजिस्टकडे राहणार, दर तीन महिन्यांनी तपासणी. घराजवळच्या दोन ड्रायव्हरांचे नंबर फ्रिजवर, १०८चा नंबर त्यांच्याही वर. वैकुंठ चतुर्दशी ते त्रिपुरी पौर्णिमा दोघं आमच्याकडे पुण्याला, म्हणजे गर्दीत अडकायला नको. आणि पुढचा मे तिथे काढल्यावर परत एकदा बोलायचं. कूलरला पाणी पुरलं का, बाबांना दम लागला का, कंटाळा आला का. नाही जमलं तर सेवाग्राम रोडवरचं घर कुठे पळून जात नाही.

तुमच्या घरी हा विषय अजून निघाला नसेल तर निघेल. तेव्हा एक काम करा. दोघांना वेगवेगळं विचारा. आईला आधी. आणि तिने ‘आवडते’ एवढंच उत्तर दिलं तर त्यासाठी एक कॉलम वाढवा.

रामटेकच्या घरमालकाने जूनची पहिली तारीख दिली आहे. सामान बांधायला या वेळी बाबा बसणार आहेत. बारावी बदली आहे, आणि ऑर्डर आईने काढलीय.

जाता जाता

*कसं जाल?* रामटेकला नागपूरहून एसटी सतत, इतवारीहून पॅसेंजर गाडीही. वेळ आधी बघून घ्या. वर्ध्याला एसटी आणि रेल्वे दोन्ही भरपूर.

*काय बघाल?* रामटेक: गड, कालिदास स्मारक, अंबाळा, शांतिनाथ जैन मंदिर, खिंडसी. वाटेत मनसर आणि नगरधनचा किल्ला. वर्धा: बापू कुटी, पवनार, १९२८मध्ये दलितांसाठी खुलं झालेलं लक्ष्मीनारायण मंदिर.

*आई-बाबांसाठी हिशोब:* एसटीत ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२पासून मोफत प्रवास सुरू झाला, तर महिलांना मार्च २०२३पासून निम्मं तिकीट. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२०मध्ये बंद झाली, तेव्हा बजेट त्या हिशोबाने करा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा २०२३मध्ये १५वरून ३० लाख झाली. ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं कवच मिळू लागलं. तुम्ही निवडलेल्या गावाजवळचं कोणतं हॉस्पिटल यादीत आहे, ते घर बघायच्या आधी तपासा.

*आणि शेवटचं:* जागा बघायला मेमध्ये जा. गडावर फरशी तापते, सकाळी नऊच्या आत दर्शन उरका. प्रसाद बॅगेत ठेवा. माकडं मंगळवारीही ड्युटीवर असतात.